तुकिरान नावाचा माणूस

वडिलांचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं ते एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला, वीसेक मायक्रोफोनांपुढे, आणि उच्चारलं ते त्यांना चोर ठरवण्यासाठी. आम्हा जावानी माणसांत आईबापाचं नाव तोंडाने घेत नाहीत. शाळेच्या फॉर्मवर ते लिहावं लागतं, लग्नात काझी ते वाचतो, आणि कचेरीतल्या कारकुनाने विचारलंच तर ओळखपत्र पुढे सरकवून वेळ मारून नेता येते. त्रेचाळीस वर्षं मी अशी वेळ मारून नेली होती. त्या सकाळी प्रोफेसरांच्या बंगल्याच्या हिरवळीवर, मांडवाखाली, हातातल्या फलकावरून माझी जीभ एकेक ओळ उतरत खाली आली आणि शेवटच्या ओळीवर म्हणाली, "केंद्रप्रमुख, तुकिरान." शब्द बाहेर पडला आणि मग मी तो पाहिला. सातच्या आकड्यावरची आडवी रेघ पाहिली. नावातल्या पहिल्या अक्षराचं लांबलचक छप्पर पाहिलं, जे चौथीत फळ्यावर मी रोज पाहत होते. माझं तोंड मात्र थांबलं नाही. ते पुढे म्हणालं, "या तुकिरानना विचारा, आमची सदतीस मतं कुठे ठेवलीत म्हणून." लोक हसले, कॅमेरे चमकले, आणि मी पुढचा फलक उचलला.

मी दोन नंबरची प्रवक्ती. दोन नंबर म्हणजे आमचे उमेदवार, ज्यांना अख्खा देश प्रोफेसर म्हणतो. एक नंबर म्हणजे सत्तेवर बसलेले अध्यक्ष. आठ महिने या देशात माणसाला नाव राहिलं नव्हतं, नुसता नंबर होता. लग्नातल्या फोटोत कोणी बोट वर केलं की पाहुणे आधी बोटं मोजायचे. भावाभावांनी एकमेकांना फोनवरच्या घरगुती ग्रुपमधून हाकलून दिलं होतं. आमच्या कामपुंगातल्या, म्हणजे वस्तीतल्या, कॉफीवालीकडे दोन कप मागतानाही लोक बोटं दाखवत नसत, तोंडाने "एक, आणि आणखी एक" म्हणत. माझे वडील मतदान केंद्राचे प्रमुख असल्यामुळे त्यांनी तर या आठ महिन्यांत कुठल्याही फोटोत हाताची मूठ उघडली नाही. गल्लीतल्या एका बारशाच्या फोटोत ते बाळाला मुठींनी धरून उभे आहेत. मी त्यावरून त्यांची थट्टा केली होती. ते म्हणाले होते, "नदुक, तुझं तोंड उघडं असतं ना चोवीस तास, मग घरात एकाच्या तरी मुठी बंद राहू देत." नदुक म्हणजे पोरी. आई गेल्यापासून मला नदुक म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं आहे.

माझं तोंड उघडं असे हे खरंच. प्रवक्त्याचं काम विचार करायचं नसतं, विचार करणारे वेगळे असतात. आमच्या प्रचार कक्षाचे प्रमुख मांगासी, ज्यांना सगळे बांग, म्हणजे दादा, म्हणतात; आडदांड, बाताक जमातीचा माणूस, चर्चमध्ये गाऊन कमावलेला आवाज. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दोन नियम शिकवले होते. एक, आकड्यावर कोणी चिडत नाही, माणसावर चिडतात, म्हणून प्रत्येक वेळी नाव घ्यायचं. दोन, आपला आकडा आधी. पाहणी असो, सभेची गर्दी असो, काहीही असो, ऐकणाऱ्याच्या कानात आधी आपला आकडा पडला पाहिजे, मग त्यांचा. मी हा नियम इतका घोटला होता की भाच्याने फुटबॉलचा निकाल विचारला तरी माझ्या तोंडून हरलेल्या आवडत्या संघाचे गोल आधी येत. खासगी संस्थांनी मतदानाच्याच संध्याकाळी एक नंबरला विजयी करून टाकलं होतं. अधिकृत मोजणीला अजून महिना होता. त्या महिन्याभरात काय ते सिद्ध करायचं होतं. मांगासींच्या कक्षातल्या मंडळींनी तीन दिवस न झोपता हजारो केंद्रांचे कागद ताडून पाहिले होते. फलकावर डावीकडे गल्लीतल्या भिंतीवर लावलेल्या मोठ्या मोजणी-कागदाचा फोटो, उजवीकडे त्याच केंद्राने वर पाठवलेली प्रत. सतरा नंबरच्या केंद्रावर भिंत सांगत होती आमची एकशे चोवीस, त्यांची सत्त्याऐंशी. प्रत सांगत होती बरोबर उलटं. वॉर्डाचं नाव वाचलं तेव्हाच मला कळायला हवं होतं, मी स्वतः तिथे मत दिलं होतं. पण तीन दिवसांत मी सहा तास झोपले होते आणि पाढा म्हणावा तसं वाचत होते.

कोणाच्याही लक्षात आलं नाही. ही गोष्ट गाडीत बसल्यावर मला कळली. मी रेत्नो पालुपी, ते तुकिरान. आमच्यात आडनाव नावाची वस्तू नसते, बापाच्या नावाचा तुकडा मुलीच्या नावामागे येत नाही, त्यामुळे आमचं नातं कुठल्याही बातमीत आपण होऊन दिसणार नव्हतं. नुसत्या जाकार्तातच दोन-चार हजार तुकिरान असतील. म्हणजे मी सुटले होते. सुटले हा शब्द माझ्या मनात आपणहून आला, आणि त्याची मला लाज वाटली. लाज वाटूनही मी तो मागे घेतला नाही.

गाडी चालवणारे पा केमिस आरशातून माझ्याकडे पाहत होते. रेडिओवर त्यांनी सगळं ऐकलं असणार. सहा वर्षं ते मला गल्लीच्या तोंडाशी सोडायचे आणि माझे बापा त्यांना ओट्यावर बसवून घट्ट कॉफी पाजायचे. सुदिर्मान रस्त्यावर सगळी वाहनं जागच्या जागी उभी होती, वर उन्हात पुलाचं काँक्रीट पांढरं पडलं होतं. मला सगळे म्बा, म्हणजे ताई, म्हणतात. ते म्हणाले, "म्बा, गल्लीकडे वळवू का?"

"नको. ऑफिसात चला. चारला टीव्हीवर जायचंय."

"बरं." मग थोड्या वेळाने, समोरच्या मोटारसायकलींकडे बघत, माझ्या मास्तर वडिलांबद्दल, "पा गुरूंनी माझ्या पोराला भागाकार शिकवला होता, फुकट. पोरगं मठ्ठ होतं हो. तरी शिकवला."

माझ्या डोक्यात भलताच प्रश्न उभा राहिला होता आणि तो तिथून हलत नव्हता. बापांनी मुद्दाम केलं असेल का? त्यांनी कोणाला मत दिलं ते मला ठाऊक नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही, मी प्रवक्ती झाले त्या दिवशीसुद्धा नुसतं "घशाची काळजी घे" म्हणाले. एक नंबरने शिक्षकांचं निवृत्तिवेतन वाढवलं होतं. बापांना अध्यक्षांचा साधेपणा आवडायचा, असं एकदा जेवताना ते म्हणून गेले होते, आणि मी भाताचं ताट सारून उठले होते. मुद्दाम केलं असेल का? तीन दिवस मी देशभरातल्या शिक्षकांवर, दुकानदारांवर, निवृत्त पोस्टमनांवर हाच प्रश्न उत्तरासकट फेकत होते आणि तो विचारायला काहीच लागत नव्हतं. आता तो माझ्याच घरावर उलटला. बापांच्या तरुणपणी निवडणुका अशा असायच्या की निकाल आधी यायचा आणि मतदान नंतर व्हायचं. एका साली, मी पाच वर्षांची असताना, शाळेतल्या केंद्रावर त्यांच्यापुढे आधीच भरलेला मोजणीचा कागद ठेवला गेला आणि त्यांनी सही केली. घरी येऊन ते विहिरीवर खूप वेळ हात धूत बसले, असं आईने मला ती जायच्या आदल्या वर्षी सांगितलं. पुढे काळ बदलला, आणि तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीला ते गल्लीच्या केंद्राचं प्रमुखपद मागून घेतात. असा माणूस मुद्दाम आकडे फिरवेल? नाही. पण एकदा सही केली होती ना? केली होती. मी खिडकीची काच खाली केली, धूर आत आला, पुन्हा वर केली.

मग मला बुधवारची दुपार आठवू लागली, सुरुवातीपासून, क्रमाने, आणि तशी ती मी त्याआधी एकदाही आठवली नव्हती. गल्लीत आडवी निळी ताडपत्री, लग्नवाल्याकडून आणलेल्या लाल खुर्च्या, कोपऱ्यात तळलेल्या केळ्यांची परात. एक वाजता पेटी उघडली. बापा बातिकचा शर्ट घालून मध्ये उभे, एकेक मतपत्रिका उलगडून ती दोन्ही हातांनी उन्हाकडे धरायचे. आमच्याकडे मत देताना शिक्का मारत नाहीत, खिळ्याने भोक पाडतात; त्या भोकातून उजेडाचा ठिपका त्यांच्या कपाळावर पडायचा. ते ओरडायचे, "दोन!" आणि सगळी गल्ली, बायका, म्हातारे, कडेवरची पोरंसुद्धा, एका सुरात ओरडायची, "साह!" म्हणजे वैध, मान्य, बरोबर. भिंतीवरच्या मोठ्या कागदावर एक रेघ पडायची. चार उभ्या झाल्या की पाचवी तिरपी. "एक!" "साह!" मीही ओरडत होते. एक नंबरच्या मतालाही मी साह म्हणत होते, हसत होते, शेजारच्या तांदूळवालीने माझ्या पाठीत थाप मारून म्हटलं होतं, "अगं, हे तुझं नव्हे, हे माझं!" गेल्या आठ महिन्यांत मला इतकं बरं कुठेच वाटलं नव्हतं. आमच्या पक्षाचा तिथला साक्षीदार उजांग याने दुपारी तिखटजाळ रुजाक, म्हणजे कच्च्या फळांची कोशिंबीर, हाणला आणि तीनच्या सुमाराला पोट धरून जो घरी पळाला तो आलाच नाही. साक्षीदाराशिवाय प्रती पुऱ्या होईनात. तेव्हा मीच पक्षाच्या कोऱ्या नेमणूकपत्रावर माझं नाव घातलं, मीच मला नेमलं, आणि त्याच्या खुर्चीत बसले.

गाडी चार पावलं पुढे सरकली आणि थांबली. मी बसल्या जागी ताठ झाले. सोळा प्रती, प्रत्येकीला चार पानं, प्रत्येक पानावर सही. कानाला खांद्याने फोन धरून मी कुठल्याशा रेडिओला मुलाखत देत होते आणि उजव्या हाताने सह्या करत होते. सतरा नंबरच्या प्रत्येक कागदावर खाली माझी सही होती. फलक छापताना खालची पट्टी कापली गेली म्हणून ती सकाळी दिसली नाही. बापा म्हणाले होते, "नदुक, वाचून सही कर." आणि मी फोनवर हात ठेवून म्हटलं होतं, "तुम्ही लिहिलंय ना बापा, मग त्यात वाचायचं काय?" त्यांचा चेहरा तेव्हा जरा खुलला होता. हे मला आता नेमकं आठवलं.

आणि एवढ्यावर ते थांबेना. आठवण एकदा सैल झाली की ती आपल्याला हवी तिथे थांबत नाही. प्रती भरणारा कारकून अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजाला गेला होता. शेवटची, सोळावी प्रत उरली होती, वर पाठवायची ती. बापा म्हणाले मीच भरतो. तीन तास उन्हाकडे कागद धरून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांची पाठ भिंतीकडे होती. रुमालाने डोळे टिपत त्यांनी मला म्हटलं, "तुला दिसतंय ना इथून? आकडे सांग, वरून खाली." मी फोन खांद्यावरून काढलासुद्धा नाही. भिंतीकडे पाहिलं आणि म्हटलं, "एकशे चोवीस. सत्त्याऐंशी." आपला आकडा आधी. मग त्यांचा. फॉर्मवर पहिली ओळ एक नंबरची असते. ओळींपुढे नावं छापलेली असतात, पण त्यांनी ती पाहिली नसणार. त्यांना माझा आवाज ऐकू येत होता आणि तो त्यांना पुरेसा वाटला. त्यांनी सावकाश, रेघ मारलेल्या सातसकट, मी सांगितलं तसं लिहिलं. मी सही केली.

मी पा केमिसना एसी बंद करायला सांगितला, मग पुन्हा लावायला सांगितला. बापांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला.

"जेवलीस?" ते म्हणाले.

"बापा, तिकडे..."

"आलेत लोक बाहेर. तुमच्या पक्षाच्या शर्टातले पन्नासेक आहेत. पत्रकारही आलेत, त्यांना चहा ठेवतोय. साखर संपत आली, तांदूळवालीकडून मागवलीय."

"बापा, सकाळी मी जे बोलले ना..."

"पाहिलं मी. कागद काढून बघितला. ओळ माझ्याकडून चुकली. अर्ज लिहून ठेवलाय, सोमवारी वॉर्डात देतो, दुरुस्त होईल. तू तुझं काम कर. आणि हे बघ, आज इकडे यायचं नाही."

"ओळ तुमच्याकडून चुकली नाही. मी..."

"पिंजऱ्यावर ऊन आलंय, पक्षी तापेल. ठेवतो." आणि त्यांनी ठेवला.

त्यांना माहीत होतं. मी सांगायच्या आधीच त्यांनी सगळं जुळवून पाहिलं होतं, आपल्या त्या अंकगणिताच्या डोक्याने, आणि माझ्या भागाचा हातचा स्वतःकडे ठेवून टाकला होता. असं त्यांनी एकदा पूर्वीही केलं होतं. मी त्यांच्याच वर्गात होते, चौथीत, आणि वर्गात त्यांना पा गुरू म्हणायचं अशी सक्त ताकीद होती. मैत्रीण आठवडाभर गैरहजर असताना मी हजेरीपटात तिच्या नावापुढे खुणा केल्या. मुख्याध्यापक पट घेऊन वर्गात आले. बापांनी खुणांकडे पाहिलं. माझी खूण ते झोपेतही ओळखतील. मग सगळ्या वर्गावरून नजर फिरवली, माझ्यावर न थांबवता, आणि म्हणाले, "माझी चूक, साहेब." त्यांना दोन महिने पगारवाढ मिळाली नाही. मी बाकावर हाताची घडी घालून बसले होते. घरी जाऊनही मी बोलले नाही, ते बोलले नाहीत, आणि तेहतीस वर्षं आम्ही दोघं त्या गप्प बसण्याभोवती व्यवस्थित जेवलो, हसलो, सण केले.

मांगासींचा फोन आला तेव्हा आम्ही टीव्ही केंद्राजवळ पोचलो होतो. "म्बा, तो तुकिरान सोनं आहे सोनं!" त्यांचा आवाज गाडीभर झाला. "पठ्ठ्याने कबूलच केलं कॅमेऱ्यावर, चूक माझी म्हणून! आता सोडायचा नाही. वकील तयार आहेत, गुन्हा नोंदवतो, चार वर्षं आत जाईल. चारला तू जाहीर कर."

"बांग, ते माझे वडील आहेत."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "कोणाला माहितीय?"

"गल्लीला."

"गल्ली बोलली का?"

"नाही." हे मी म्हणाले आणि तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. पत्रकार दोन तास गल्लीत हिंडत होते, आणि तिथली सत्त्याऐंशी मतं एक नंबरची असूनसुद्धा एकाही माणसाने तोंड उघडलं नव्हतं. तांदूळवालीने साखर दिली होती, माझं नाव दिलं नव्हतं.

"मग ऐक," मांगासी म्हणाले. "गप्प राहिलीस तरी चालेल. पण मी तुला मोठ्या भावासारखं सांगतो, गप्प राहू नकोस. आज उभी राहा आणि सांग, हा माझा बाप आहे, आणि मी त्यालाही कायद्यापुढे उभा करते. अख्खा देश रडेल, पालुपी. उद्या रस्त्यावर दहा लाख माणूस उतरेल. आपल्याकडचे बाकीचे आठशे कागद खोटे आहेत का? नाहीत! त्या आठशेंसाठी कर."

ते खरंच तसं समजत होते. माणूस वाईट नव्हे. मतदानाच्या दिवशी आधीच भोकं पाडलेल्या मतपत्रिकांची पोती त्यांनी स्वतः एका गोदामात पाहिली होती आणि तिथे मार खाल्ला होता. ती पोती मीही पाहिली होती. आपल्यावर अन्याय झाला आहे हे मी पोटासाठी बोलत नव्हते, मला ते पटलं होतं, अजूनही पटलेलं आहे. म्हणूनच मला घाम फुटला. माझ्या सहीची गोष्ट त्यांना सांगितली असती तर ते काय म्हणाले असते ते मला पाठ होतं. आमच्याच प्रवक्तीने आकडे सांगितले, आमच्याच प्रवक्तीने सही केली, आणि तिनेच चोर चोर म्हणून ओरडा केला. उद्या एक नंबरवाले आमचा प्रत्येक कागद असाच हसत हसत फाडतील, पोत्यांसकट. आणि त्या आठशे कागदांमागेही कुठे कुठे एखादा दमलेला म्हातारा आणि एखादी फोनवर बोलणारी पोरगी असेल तर? मी एकूण किती नावं वाचली होती? चाळीस? पन्नास? प्रत्येकाच्या फाटकाबाहेर या वेळी आमच्या शर्टातले पन्नासजण उभे असतील का? "चारला बघते," एवढंच मी म्हणाले.

मेकअपच्या खुर्चीत बसल्यावर मी फोनवर बापांची ती चित्रफीत लावली. फाटकावर कोणीतरी लाल रंगाने चोर लिहिलं होतं, रंग अजून ओघळत होता. पुढच्या खोलीत बापा बातिकचा तोच शर्ट घालून बसले होते. त्यांच्या मागची भिंत पाहताना काहीतरी खटकलं आणि मला पहिल्यांदा कळलं नाही काय ते. मग दिसलं. माझा पदवीदानाचा फोटो तिथे नव्हता. बावीस वर्षं तो टांगलेल्या जागी भिंतीचा फिकट चौकोन होता, वर खिळा होता. वार्ताहर विचारत होता, "घरी आणखी कोण असतं?" बापा म्हणाले, "बायको वारली. एक मुलगी आहे. ऑफिसात नोकरी करते." आणि मग त्यांनी स्वतःजवळची प्रत कॅमेऱ्यापुढे धरली, दोन्ही हातांनी, उजेडाकडे, मतपत्रिका धरत तशी. वार्ताहर म्हणाला जरा सरळ धरा. त्यांनी सरळ धरली. डाव्या हाताचा अंगठा कागदाच्या अगदी खालच्या कडेवर होता, जिथे साक्षीदाराची सही असते. मी चित्रफीत पुन्हा लावली. कागद हलला, पंख्याने फडफडला, त्यांनी बाजू बदलली, चष्मा सारखा केला, पण अंगठा जागचा हलला नाही. आठ महिने मुठी मिटून बसलेल्या माणसाने बोट उघडलं होतं ते माझ्यासाठी. मेकअप करणारी बाई म्हणाली, "म्बा, वर बघा ना, काजळ पसरतंय." मी वर पाहिलं. माझ्यात रडण्याएवढंही धैर्य नव्हतं, नुसतंच डोळ्यांत पाणी होतं.

स्टुडिओत थंडी होती. निवेदिका त्रियास माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, टोकदार, हुशार मुलगी. शेजारी एक नंबरचे प्रवक्ते बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून ओळखीचं हसून घेतलं, आमचं हे रोजचंच होतं. मागच्या मोठ्या पडद्यावर गल्लीतून थेट चित्र येत होतं. बापा त्याच खुर्चीत, फिकट चौकोनाखाली, कानात वायर घातलेले, मांडीवर कागद. त्यांना आमचा आवाज ऐकू जात होता, मी दिसत होते की नाही ठाऊक नाही. बाहेरच्या घोषणा तिकडून बारीक ऐकू येत होत्या. मांगासींनी फोनवर एकच शब्द पाठवला होता, हिंमत. तो कशासाठी वापरायचा ते त्यांनी ठरवून दिलं होतं.

"पा तुकिरान," त्रियास म्हणाली, "तो कागद प्रेक्षकांना पुन्हा एकदा दाखवाल?" बापांनी कागद उचलला. अंगठा आधी ठेवला, मग कागद वर केला. "म्बा पालुपी, सकाळी तुम्ही यांचं नाव घेतलंत. हे म्हणतात साधी चूक आहे. तुमचा पक्ष आज फौजदारी तक्रार दाखल करणार अशी बातमी आहे. खरं आहे?"

मी तोंड उघडलं आणि चौथीच्या वर्गातला तो बाक मला मांड्यांखाली जाणवला, त्याची सुटी फळी, घडी घातलेल्या हातांचा घाम. त्या दिवशी गप्प बसणं किती सोपं होतं ते आठवलं. तोंड उघडं ठेवूनही गप्प बसता येतं हे मी नंतर पोटापाण्यासाठी शिकले.

"त्यांना अंगठा काढायला सांगा," मी म्हटलं.

"काय?"

"कागदावरचा अंगठा. त्याच्याखाली आमच्या पक्षाच्या साक्षीदाराची सही आहे. ती माझी आहे. हे माझे वडील आहेत. आकडे त्यांनी बदलले नाहीत, मी त्यांना उलटे सांगितले आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून लिहिले."

एक नंबरच्या प्रवक्त्यांच्या खुर्चीचा आवाज झाला. त्रियास कानातल्या यंत्रावर बोट दाबून कोणाचं तरी ऐकत होती. पडद्यावर बापा मान हलवत होते, नाही नाही अशी, आणि अंगठा तिथेच होता, नख पांढरं पडेपर्यंत दाबलेला. वार्ताहराचा हात चित्रात आला, मागे गेला. बाहेरच्या घोषणा थांबल्या होत्या की मला ऐकू येत नव्हत्या, सांगता येत नाही. मी कॅमेऱ्याकडे न बघता पाठीमागे वळले, पडद्याकडे तोंड केलं.

"बापा," मी म्हटलं, "राहू द्या आता. काढा."

त्यांनी बऱ्याच वेळाने अंगठा उचलला. सही घाईची होती, फोनवर बोलत केलेली, शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलेलं.

"सतरा नंबरचा खरा आकडा काय, म्बा?" त्रियास म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला होता.

"एक नंबर," मी सुरू केलं, आणि गेल्या आठ महिन्यांत पहिल्यांदा आधी त्यांचा आकडा सांगितला. "सत्त्याऐंशी. दोन नंबर, एकशे चोवीस."

पडद्यावर बापांचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण बुधवारी सगळी गल्ली जो शब्द ओरडत होती तोच शब्द होता.